गल्लीच्या तोंडाला फूटपाथवर घडीचा बोर्ड ठेवला तर चालतो का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

फॉलपिको_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत मेन रोडवरनं आत आलं की चौथं घर आमचं. तळमजल्यावर जिथं सासऱ्यांची स्कूटर आणि रिकाम्या टाक्या असायच्या, तिथं मी ब्लाऊज शिलाई आणि फॉल-पिकोचं दुकान काढलंय. दोन मशिनी, एक आरसा, पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. काम येतंय, पण तोंडी ओळखीचं. मेन रोडवरनं पिशवी घेऊन चाललेल्या बाईला आत दुकान आहे हे कळायला काही मार्गच नाही. परवा एक बाई म्हणाल्या, "अगोबाई, मी ह्याच गल्लीसमोरनं रिक्षा करून महाद्वार रोडला जाते की पिको करायला!"

म्हणून गल्लीच्या तोंडाला, मेन रोडच्या फूटपाथवर, तो दोन पायांचा घडीचा बोर्ड ठेवावा म्हणते. सकाळी उघडायचा, रात्री मिटून आत घ्यायचा. दोन बाय तीन फुटी. फ्लेक्सवाल्यानं लोखंडी फ्रेमसकट अठराशे सांगितलेत.

शेजारचे म्हणतात ठेव बिनधास्त. आमचे हे म्हणतात महापालिकेची अतिक्रमणची गाडी पहिल्याच आठवड्यात उचलून नेईल. एकानं सांगितलं की खाली चाकं लावली की ते अतिक्रमण धरत नाहीत, कारण ते "हलतं" असतं. खरं आहे का? परवानगी मिळते का, कुठं मागायची, आणि संध्याकाळी दिसावा म्हणून एलईडीची पट्टी लावली तर काही वेगळं होतं का? पैसे घालायच्या आधी विचारतेय.

रंकाळा_कट्टा

लावा की ताई बिनधास्त! मेन रोडला एक चक्कर मारा, मोबाईलच्या कव्हरपासनं केकपर्यंत सगळ्यांचे बोर्ड बाहेरच. आमच्या एका दोस्ताचं चहाचं दुकान हाय, गाडी लांबनं दिसली की त्याचा पोरगा बोर्ड काखेत मारून आत पळतोय. चाकं लावली तर तेवढं पण उचलायला नको. कोल्हापुरात परवानगी मागत बसला तर दुकान म्हातारं हुईल.

पेंटर_लक्ष्मीपुरी

रंकाळाभाऊ, पळायला चहाच्या दुकानात पोरगा आहे. ताई मशिनवर बसल्या असताना चार घरं पलीकडं मेन रोडला गाडी आली हे त्यांना कळणार कसं?

ताई, मी बोर्ड करणारा माणूस. आधी पत्र्यावर ऑइलपेंटनं अक्षरं काढायचो, मग फ्लेक्स आला आणि ब्रश कोपऱ्यात गेले. हे जे घडीचे बोर्ड म्हणताय ते माझ्या हातनं ढीगभर गेलेत. तेव्हा "नको करू" म्हणण्यात माझंच गिऱ्हाईक जातंय, हे धरून पुढचं वाचा.

बोर्ड कसला, केवढा, किती रुपयांचा हे सगळं नंतर. पहिल्यांदा बघायचं की बोर्डाचे पाय कुणाच्या जागेवर टेकतात. आमच्या धंद्यात निम्मी भांडणं इथंच होतात, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. एक म्हणजे जाहिरात. दुसरी म्हणजे रस्त्यात वस्तू ठेवणं. महानगरपालिका अधिनियमात दोन्हींची कलमं वेगवेगळी आहेत. हा १९४९ चा कायदा, पूर्वी मुंबई प्रांतिक म्हणायचे, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात.

जाहिरातीचं कलम २४५. ते म्हणतं जाहिरात लावायची तर आयुक्तांची लेखी परवानगी पाहिजे. पण त्यातच एक सूट आहे, आणि तुमच्यासारख्यांच्या कामाची तीच आहे. ज्या जागेत किंवा इमारतीत धंदा चालतो त्याच जागेवर, त्याच धंद्याचा बोर्ड असेल, तर परवानगी लागत नाही. खिडकीच्या आत लावलेल्यालाही लागत नाही. म्हणून तर तुमच्या दारावरच्या "फॉल-पिको करून मिळेल" ह्या पाटीला कुणी कागद विचारत नाही. मात्र सूट आहे ती दिवे न लावलेल्या बोर्डाला. एलईडी लावली की तो प्रकाशित बोर्ड झाला, सूट गेली. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर हे कुणी वाचतच नाही. आणि दिव्याचा बोर्ड फूटपाथवर ठेवायचा म्हणजे दुकानातनं वायर ओढायची. तुमच्या बाबतीत चार घरं ओलांडून. जुलैच्या पावसात फूटपाथवर वायर, त्यावरनं दप्तर घेतलेली पोरं. मी तसलं काम घेतच नाही, गिऱ्हाईकानं दुप्पट देतो म्हटलं तरी.

आता मेन रोडचा फूटपाथ. ती तुमची जागा नाही, तुमच्या समोरच्याही कुणाची नाही. म्हणजे तिथं बोर्ड उभा केला की २४५ ची सूट संपली, आणि वर दुसरं प्रकरण चालू झालं, ते कलम २३० चं. रस्त्यावर स्टॉल, खुर्ची, बाक, पेटी, शिडी, गाठोडं किंवा दुसरी कुठलीही वस्तू अडथळा होईल अशी ठेवायची नाही, असं ते सांगतं. चाकांबद्दल त्यात अवाक्षर नाही. खुर्ची काय भिंतीत चिणलेली असते का? तीही हलतीच. शिडीपण. तेव्हा चाकं लावायची ती तुमच्या पाठीच्या सोयीसाठी लावा, कायद्यातनं सुटायला त्यांचा काही उपयोग नाही. उलट उतारावर चाकाचा बोर्ड वाऱ्यानं रस्त्यात जाऊन मोटरसायकलीखाली आला तर काय? इकडं वळीव आला की दहा मिनिटांत पत्रे उडतात, तिथं दोन बाय तीनचा फ्लेक्स किती वेळ उभा राहणार? खाली वाळूची पोती टाकणारे आहेत. मग पोत्यांचा पण अडथळा.

लगेच पुढचं कलम २३१. अशी वस्तू आयुक्त नोटीस न देता काढून घेऊ शकतात. "नोटीस न देता" हे शब्द नीट वाचा, कारण बाजारात सगळ्यांना वाटतं आधी पंधरा दिवसांची नोटीस येते, मग माणूस येतो, मग बघू. ते बांधकामाचं असतं. बोर्डाला ते लागू नाही. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे. उचललेला बोर्ड सोडवायला गेलं तर दंड, टेम्पोभाडं आणि वाकलेली फ्रेम. अठराशेच्या वस्तूपायी कोण एवढं करतं?

परवानगी मिळतच नाही असंही मी म्हणणार नाही. २३० मध्येच लिहिलंय की आयुक्तांची परवानगी घेऊन आणि ते ठरवतील ती फी भरून ठेवता येईल. म्हणजे दार आहे. पण त्या दारातनं रोजचा कायमचा बोर्ड आत जाईल ह्या भरवशावर फ्रेम करून घेऊ नका. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज टाकावा. तुमचं राजारामपुरीचंच. बाकीची गांधी मैदान, शिवाजी मार्केट आणि ताराराणी मार्केट. अर्जावर पोच घ्या, शिक्का मारून, तारखेसकट. "साहेब हो म्हणाले" ही परवानगी नसते.

आणखी एक गैरसमज. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती असं सगळं आहे. तो रस्त्यावर पोट असलेल्या माणसासाठी आहे. स्वतःचं दुकान असलेल्यानं बोर्ड बाहेर ठेवायला त्याचा आधार घेता येत नाही. "भाजीवाल्या मावशी बसतात मग माझा बोर्ड का नाही" म्हणून भांडणारे मी बघितलेत. मावशींना दुसरी जागा नाही, तुमच्याकडं भिंत आहे.

तर भिंत वापरा. घराच्या जोत्यापासनं फाटकापर्यंत जी मोकळी जागा आहे ती तुमची. त्यात पायरीवर बोर्ड उभा करा, फाटकाच्या खांबाला आतून लावा, नाहीतर भिंतीपासनं काटकोनात बाहेर काढा म्हणजे गल्लीतनं दोन्हीकडनं दिसेल. फक्त फाटकाच्या बाहेर गल्लीवर काढायचा मोह झाला तर थांबा. जोत्याच्या रेषेबाहेर रस्त्यावर येणाऱ्या फळ्या-बोर्डांना त्याच २३० मध्ये उंचीची अट आहे, डोक्याला लागेल असं काही लोंबकळत ठेवता येत नाही.

मेन रोडवरनं दिसण्याचा प्रश्न उरतोच. कोपऱ्यावर कुणाचं दुकान आहे? किराणा, मेडिकल? त्याच्या भिंतीवर त्याच्या परवानगीनं एक छोटी पाटी. राजारामपुरीचा एक फायदा आहे बघा, गल्ल्यांना नंबर आहेत. पाटीवर मोठ्ठा गल्ली नंबर, खाली "फॉल-पिको, ब्लाऊज", बाण, "चौथं घर". बास. फोन नंबर लिहून अक्षरं बारीक करू नका, चालत जाणारी बाई नंबर टिपून घेत नाही, ती आत वळून बघते.

अ‍ॅड_भवानीमंडप

पेंटरकाकांनी कलमं वकिलापेक्षा बरी सांगितली. दोन गोष्टी जोडतो.

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या भिंतीवरची पाटी: तिथं २४५ ची सूट मिळणार नाही. सूट आहे ती त्याच इमारतीत चालणाऱ्या धंद्याच्या बोर्डाला. किराणा दुकानाच्या भिंतीवर शिलाई दुकानाची पाटी म्हणजे दुसऱ्या जागेच्या धंद्याची जाहिरात, तिला परवानगी लागते. आकार लहान असला तरी. व्यवहारात कुणी विचारत नाही हे मला माहीत आहे, पण ताईंनी पैसे घालायच्या आधी विचारलंय म्हणून सांगतो. मालकाचं संमतिपत्र जोडून अर्ज करावा. जाहिरात फलकांसाठी राज्य शासनाचे २०२२ चे नियम आहेत, त्याप्रमाणे परवाना आणि शुल्क. खाजगी भिंतीवरच्या छोट्या पाटीला हे मिळणं अवघड नाही, आणि फूटपाथवरच्या बोर्डापेक्षा तर कितीतरी सोपं.

दुसरं फूटपाथचं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की पादचाऱ्यांना अडथळामुक्त फूटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर फूटपाथवर रोजचा बोर्ड ठेवायला कुठला अधिकारी सही करेल असं मला वाटत नाही. शिवाय सार्वजनिक वाटेत अडथळा केला तर पोलीसही कारवाई करू शकतात. जुन्या दंडसंहितेत २८३ होतं, दंड २०० रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, दंड ५,००० रुपयांपर्यंत.

विजेच्या खांबाला किंवा झाडाला बांधायचा विचार असेल तर तोही सोडा. मालमत्ता विद्रुपीकरणाचा १९९५ चा कायदा वेगळा आहे आणि त्यात भिंत, खांब, झाड सगळं येतं.

रंकाळा_कट्टा

वकीलसाहेब, चौकाचौकात वाढदिवसाचे वीस वीस फुटी फ्लेक्स लागत्यात, त्यांना कुठलं कलम लागतंय ते पण सांगा. पिकोवाल्या ताईचा दोन फुटी बोर्डच तेवढा दिसतो व्हय?

अ‍ॅड_भवानीमंडप

प्रश्न रास्त आहे. लागतं, तेच लागतं. ३१ जानेवारी २०१७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे, साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवरचा. बेकायदा होर्डिंग, बॅनर, फ्लेक्स काढणं ही महापालिका-नगरपालिकांची जबाबदारी, नोडल अधिकारी नेमणं, तक्रारींची सोय करणं, असं सगळं त्यात आहे. अंमलबजावणी किती होते हे आपण दोघंही चौकात उभं राहून बघू शकतो. पण "त्याचा काढला नाही म्हणून माझाही राहू द्या" हा बचाव कोर्टात टिकत नाही. चुकीच्या गोष्टीत समानतेचा हक्क मागता येत नाही. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच बसतंय, वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल खरोखर राग असेल तर मुंबईला जायची तिकिटं काढायला नकोत.

पांढरी_काठी

मी सहसा इथं लिहीत नाही, नुसतं ऐकते. फोन वाचून दाखवतो. हा धागा माझ्या रोजच्या वाटेचा आहे म्हणून लिहिते.

मला उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडं फारसं नाही. राजारामपुरीतून जनता बाजारपर्यंत काठीनं चालत जाते. खांब, झाडाचा कठडा, तुटलेली फरशी, चेंबरचं वर आलेलं झाकण, हे सगळं मला पाठ आहे. जे जागेवर राहतं त्याचा त्रास होत नाही. तुमचे घडीचे बोर्ड पाठ होत नाहीत, कारण काल जिथं होता तिथं आज नसतो. कुणी चार पावलं पुढं सरकवला, कुणी सावलीत ओढला.

आणि काठी त्यांना सापडत नाही, हे डोळस माणसांच्या लक्षात येत नाही. काठी जमिनीलगत डावी-उजवी फिरते. बोर्डाचे पाय बारीक पाईपचे, काठी नेमकी दोन पायांच्या मधनं आत जाते, काही लागत नाही, म्हणून मी पाऊल टाकते, आणि वरची कड मांडीत बसते. फ्लेक्स फाटून पत्र्याचा कोपरा बाहेर आलेला असला तर साडी फाटते. चुकवायचा तर फूटपाथ सोडून खाली उतरायचं, तिथं लावलेल्या गाड्या आणि त्याच्या बाहेर केएमटीच्या बस. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा वगैरे मला माहीत आहे, पण तो काही बोर्डाला धडकायच्या आधी येऊन हात धरत नाही.

फॉलपिकोताई, तुम्ही आधी विचारलंत ह्याचं बरं वाटलं. स्वतःच्या पायरीवर उभा बोर्ड ठेवणार असलात तरी काकांना एक सांगा, दोन्ही पायांना खाली, जमिनीपासून चार बोटांवर, आडवी पट्टी मारून द्या. मग काठीला लागतं. आणि रोज त्याच जागी.

पेंटर_लक्ष्मीपुरी

बाई, खालची आडवी पट्टी आजपासनं प्रत्येक फ्रेमला. एवढ्या वर्षांत हे कुठल्या गिऱ्हाईकानं सांगितलं नव्हतं, कारण गिऱ्हाईक बोर्ड समोरनं बघतं.

जागेचंच बोलायचं तर मंडळी टेप घेऊन बसा. इंडियन रोड्स काँग्रेसचा पादचाऱ्यांसाठीचा मापदंड आहे, आयआरसी १०३. चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी जागा पूर्ण मोकळी पाहिजे. १.८ मीटर म्हणजे जवळजवळ सहा फूट. त्यात खांब नाही, कठडा नाही, बोर्ड नाही. आता दोन बाय तीनचा घडीचा बोर्ड उघडून ठेवला की खाली दोन फूट खोली तोच खातो. म्हणजे फूटपाथ आठ फुटी असेल, दुसरं काहीच त्यावर नसेल, तर कुठं बोर्ड आणि माणूस दोघांना जागा. आपल्या जुन्या पेठांत असा फूटपाथ दाखवा, मी बोर्ड फुकट करून देतो. महाद्वार रोडला तर दुकानाच्या पायरीपासनं थेट रस्ता. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते तेव्हा तिथं माणसाला स्वतःचे पाय ठेवायला जागा नसते, बोर्डाचे पाय कुठं ठेवणार?

सध्या_एडिनबरा_मूळ_शिवाजीपेठ

इकडची गंमत सांगतो. एडिनबरामध्ये ५ नोव्हेंबर २०१८ पासून फूटपाथवर असे बोर्ड ठेवायला शहरभर बंदी आहे. कारण तेच, काठीवाल्या काकूंनी सांगितलं ते, शिवाय व्हीलचेअर आणि बाबागाड्या. आत गल्लीबोळात दुकानं असलेल्यांची ओरड झाली, तुमच्यासारखीच: "आम्ही दिसणार कसे?" अमेरिकेत माझी बहीण आहे, तिकडं बऱ्याच शहरांत उलटं आहे, परवाना काढला तर ठेवू देतात. पण अटी: दुकानासमोरच, निदान ३६ इंच वाट मोकळी, दुकान बंद झालं की बोर्ड आत, आणि कुणी अडखळून पडलं तर भरपाईसाठी विम्याचा कागद. कोल्हापुरात विमा वगैरे ऐकून रंकाळाभाऊंना हसू येईल.

रंकाळा_कट्टा

हसू न्हाई भावा, पण दोन फुटी बोर्डाला विमा म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग. काकू, आमच्या दोस्ताला सांगतो बोर्ड पायरीवर घे म्हणून. त्यो ऐकंल का न्हाई ते मात्र माहीत न्हाई.

फॉलपिको_राजारामपुरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. घडीचा बोर्ड रद्द. कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, त्या मामांना विचारलं. ते म्हणाले भिंत वापर, मला काही नको, फक्त माझ्या पाटीच्या वर जायचं नाही. त्यांच्या सूनबाईंचे ब्लाऊज मीच शिवते, त्यामुळं ते सोपं झालं. परवानगीचा अर्ज करणार आहे.

काका, दोन प्रश्न. माझ्या घराच्या भिंतीवर काटकोनातला बोर्ड लावायचा तर केवढा म्हणजे मेन रोडवरनं वाचता येईल? आणि नाव मी इंग्रजी अक्षरांत करायचं ठरवलं होतं, ते आधुनिक दिसतं असं मुलगी म्हणते.

पेंटर_लक्ष्मीपुरी

मुलीला सांगा, दुकानाच्या नावाची पाटी मराठीत देवनागरीत असावी लागते आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. दुकानं-आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही लागू झालंय. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्याकडं मराठी पाट्यांची एवढी घाई आली होती की रात्रीचं जेवण दुकानातच. इंग्रजी पाहिजे असेल तर खाली लहान टाकू. पण तुमच्याकडं येणाऱ्या बायका बघता मला त्याची काही गरज दिसत नाही.

मापाचं असं. हिशोब आम्ही धरतो तो एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरनं आरामात वाचता येतं. चौथं घर म्हणजे तोंडापासनं साधारण ऐंशी-नव्वद फूट धरू, म्हणजे अक्षर आठ-नऊ इंची. आणि आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार, त्याला वेगळी जागा सोडावी लागते. इंग्रजीचं माप घेऊन मराठी बसवलं की "पिको" ची वेलांटी फ्रेमखाली कापली जाते, मग लोक "पाको" वाचतात. म्हणून शब्द कमी करा. भिंतीवरच्या बोर्डावर फक्त "फॉल-पिको" आणि खाली "ब्लाऊज". साडेतीन बाय दोन फुटी, दोन्ही बाजूंनी सारखा, पिवळ्यावर काळी अक्षरं. गडद मरून पार्श्वभूमी सगळ्या बायकांना आवडते आणि संध्याकाळी पाच वाजल्यानंतर ती कुणालाच दिसत नाही. दिवे नकोत, तुमच्या पोर्चचा बल्ब पुरेसा आहे.

फ्लेक्स नको. वर्ष-दीड वर्षात उन्हानं पांढरा पडतो. एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पक्का पत्रा) व्हिनाइलची कापीव अक्षरं करू, पावसाला चालतं. जोत्यापासनं बाहेर काढायचा तो तुमच्या फाटकाच्या आतच संपला पाहिजे, म्हणून आधी येऊन टेप लावतो, मग आकडा सांगतो.

फॉलपिको_राजारामपुरी

कोपऱ्यावरच्या पाटीचं पण तुम्हीच करा. अर्जाबरोबर काय काय जोडायचं वकीलसाहेब?

अ‍ॅड_भवानीमंडप

मामांचं सहीचं संमतिपत्र, त्यांच्या घरफाळ्याची चालू पावती, भिंतीचा फोटो, आणि पाटीचा आकार व मजकूर दाखवणारं साधं रेखाचित्र. रेखाचित्र पेंटरकाका देतील. तुमच्या दुकानाच्या नोंदणीची प्रतही ठेवा. एक संच कार्यालयाला, एक पोच घेऊन आपल्याकडं. शुल्क तिथं विचारा आणि पावतीशिवाय कुणाच्या हातात काही देऊ नका.

पेंटर_लक्ष्मीपुरी

बुधवारी सकाळी अकराला येतो. मामांना दुकानात थांबायला सांगा, त्यांच्या पाटीची खालची कड मोजल्याशिवाय रेखाचित्र होणार नाही.